कूळ, कायदा आणि घरची मिळकत : प्रस्तावना

१ एप्रिल १९५७ ही तारीख जुन्या मुंबई राज्याच्या कुळकायद्यात 'कृषक दिन' म्हणून नोंदलेली आहे. दुसऱ्याची जमीन कसणारी कुळे त्या दिवसापासून त्या जमिनीची मालक झाली, असे कायद्याने मानले. खरेदीखत झाले नाही, इसार दिला-घेतला गेला नाही, साक्षीदार लागले नाहीत. किंमत मागाहून शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची होती. ती जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पटींच्या दरम्यान आणि हप्त्यांनी फेडता येणारी. एवढ्या मोठ्या प्रमाणावर मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचा प्रयत्न महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरा नाही.

ज्या घरांना ती जमीन मिळाली, त्यांची मिळकत वाढली का? वाढली असेल तर पिकातून वाढली, की जमिनीच्या आधाराने मिळालेल्या कर्जातून, पाण्यातून, मुलांच्या शिक्षणातून? ज्यांच्या हातून जमीन गेली त्यांचे पुढे काय झाले? आणि जे कसत होते, पण ज्यांचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते, ते कुठे गेले? हे पुस्तक या प्रश्नांसाठी आहे. कुळकायद्यावर मराठीत वकिलांसाठी लिहिलेली पुस्तके पुष्कळ आहेत. कायद्याने घरातल्या चुलीचे काय झाले, हे सांगणारे लिखाण मात्र विखुरलेले आहे आणि बरेचसे इंग्रजीत अडकले आहे.

नव्या वाचकाने पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती ही, की आजच्या महाराष्ट्रात जमीनधारणेची एकच पद्धत कधीच नव्हती. देशावर आणि खानदेशात रयतवारी होती, म्हणजे सारा थेट सरकार आणि रयत यांच्यात. रत्नागिरी-कुलाब्यात मधे खोत होता आणि कुळाला पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा त्याच्या दारात नेऊन घालावा लागे. अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आजही माहीत आहेत. पूर्व विदर्भात मालगुजार होते, मराठवाड्यात निजामाचे जहागीरदार. या सगळ्यांच्या जोडीला इनामे आणि वतने होती. त्यांत महार वतन हे जमिनीच्या एका तुकड्याच्या मोबदल्यात अख्ख्या जातीला गावाच्या चाकरीला बांधून ठेवणारे होते.

रयतवारीत मधला कोणी नाही म्हणून रयत सुखी होती, असा समज करून घेऊ नये. १८७५ साली सुपे-शिरूर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खातेपुस्तके जाळली. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला तो याच काळात. पुढे हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये अहवाल छापला. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणा ४० एकर होती, ती त्यांच्या पाहणीच्या वेळी सातावर आली होती. भारतात गावाच्या अर्थकारणाचा शास्त्रीय अभ्यास जिथून सुरू झाला, त्या मोजक्या गावांत हे एक. आज तिथे शेत नाही, सोसायट्यांचे मनोरे आहेत. जमिनीतून खरी मोठी मिळकत कोणाला आणि केव्हा झाली, याचा विचार करताना हेही विसरता येत नाही.

कायदे मुंबईच्या सचिवालयातून खाली उतरले, असे शालेय पुस्तके वाचून वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ मध्ये खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले आणि तो संप वर्षानुवर्षे चालला. भाताचे पीक हाच ज्यांचा आधार, त्यांनी ते पीकच सोडले. बायकामुलांनी रानातली लाकडे विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. १९३९ मध्ये पहिला कुळकायदा झाला आणि 'संरक्षित कूळ' ही कल्पना आली. १९४५ मध्ये डहाणू, तलासरी, उंबरगावचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले; गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. १९४८ चा कुळवहिवाट कायदा, १९४९ चा खोती उच्चाटनाचा कायदा, हैदराबाद संस्थानासाठी १९५० चा कायदा, विदर्भातली मालगुजारी संपवणारा त्याच वर्षीचा कायदा आणि कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा, या साऱ्यांच्या मुळाशी अशी माणसे आहेत.

आता १९४८ आणि १९५७ यांच्या मधल्या नऊ वर्षांकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. कायद्याने कुळाला संरक्षण दिले, खंडाला मर्यादा घातली. पण कूळ स्वखुशीने जमिनीचा कबजा सोडू शकत होते आणि मालक 'स्वतः कसण्यासाठी' जमीन परत मागू शकत होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली, तिचा अहवाल १९५७ मध्ये निघाला. कुळे बदलणे, जमीन मालकाकडे परत जाणे, नेहमीची खरेदी-विक्री होणे, हे सारे कायदा आल्यावरही चालूच असल्याचे त्यांना आढळले. राजीनामे कागदावर ऐच्छिक होते. ज्या माणसाचे बी-बियाणे, पावसाळ्यातली खावटी आणि मुलीच्या लग्नाची उचल मालकाच्या घरातून येते, त्याच्या राजीनाम्याला ऐच्छिक म्हणणे हा कायद्याच्या भाषेचा दोष आहे.

१९५७ नंतरही वाट सरळ नव्हती. कलम ३२-ग खाली किंमत ठरवण्यासाठी कुळाला नोटीस निघे. कूळ हजर राहिले नाही किंवा जमीन घ्यायची नाही असे म्हणाले, तर खरेदी निष्फळ ठरे. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा हक्क पुढे ढकलला जाई आणि नंतर ठरलेल्या मुदतीत कुळाला स्वतः कळवावे लागे. ही मुदत किती कुळांच्या ध्यानात राहिली असेल? चावडीवर ज्याचा वावर आहे, तलाठ्याशी ज्याचे बोलणे आहे, ज्याच्या भाऊबंदांत एखादा शाळामास्तर आहे, त्याला हे जमले. बहुतांश कुणबी-मराठा आणि माळी कुळे या पायरीवर टिकली. दलित, आदिवासी आणि भटके कसणारे पुष्कळ ठिकाणी घसरले, कारण त्यांची वहिवाट तोंडी होती. जमीन सुधारणेचा लाभ कसणाऱ्याला झाला, हे अर्धेच खरे आहे. कसत असल्याची नोंद ज्याच्यापाशी होती त्याला तो झाला. या पुस्तकामागचे म्हणणे थोडक्यात हेच आहे.

उत्पन्नाचे काय? अर्धे पीक देणारे कूळ मालक झाले की त्याच्या घरात राहणारे धान्य वाढते, हे उघड आहे. पण मालकासोबत त्याची उचलही जाते. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे दिसले की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा वाटा जेमतेम ३ टक्के होता. मालकाने हात काढून घेतला आणि गावात चालती सोसायटी नाही, तर नव्या मालकाला सावकाराचाच उंबरठा गाठावा लागे. म्हणून त्याच कायद्याचे परिणाम जागोजाग निराळे झाले. नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला होता. कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्याखालच्या पट्ट्यात सातबारा नावावर असणे म्हणजे सोसायटीचे कर्ज, कारखान्याचा भाग आणि उसाची नोंद मिळणे होते. तिथे कायद्याने दिलेल्या चार एकरांनी घर उभे केले.

कोकणात तसे झाले नाही. कूळ मालक झाले, पण वाट्याला आलेली जमीन गुंठ्यांत मोजायची, तीही डोंगरउतारावर. भात चार-सहा महिने पुरे, बाकीचे घर मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चाले. म्हणून कोकणात जमीन सुधारणा फसली असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही. खोताच्या दारात पीक नेऊन घालणे थांबले, त्याच्यासमोर जोडे हातात घेणे थांबले, आणि याची किंमत रुपयांत लावता येत नाही. शिवाय १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा जमीन ज्याच्या नावावर होती त्याच्याच वरकसावर आंबा-काजू उभे राहिले. कायद्याचा आर्थिक लाभ कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी येतो, तोही दुसऱ्याच योजनेच्या हाताने. गोव्यात १९६४ चा कुळकायदा, १९७५ चा मुंडकारांसाठीचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा) कायदा आणि कुळांना मालक मानणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती झाली. तिथल्या लहान भातखाचरांची कहाणी कोकणाशी बरीच जुळते.

सुधारणेने काही गमावलेही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातले मालगुजारी तलाव मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले. मालगुजार जुलमी असेल, पण गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पाण्याची पाळी लावणे ही कामे त्याच्या व्यवस्थेत होत होती. नव्या व्यवस्थेत ती कोणाचीच राहिली नाहीत आणि कित्येक तलाव गाळाने भरले. धानाच्या शेतकऱ्याला जमीन मिळाली आणि पाणी आटले.

कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. त्यात १९७५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मर्यादा बारमाही बागायतीला १८ एकर आणि जिरायतीला ५४ एकर अशा आल्या. कायदा येणार हे आधीच माहीत होते आणि तोवर वाटण्या होऊन गेल्या. नात्यातल्यांच्या, कधी गड्यांच्याही नावे जमिनी चढल्या. जी अतिरिक्त म्हणून निघाली तिच्यात माळ आणि मुरूम बराच होता. खाजगी साखर कारखान्यांच्या जमिनी मात्र खऱ्या अर्थाने हाती आल्या, आणि त्या भूमिहीनांत वाटण्याऐवजी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. त्यात खंडकऱ्यांचा प्रश्न अडकला. कारखान्यांना जमीन खंडाने देणारे हे शेतकरी लहान होते आणि घेणारी कंपनी मोठी होती. कुळकायद्याची मांडणी इथे उलटी पडत होती. त्यांना जमिनी परत मिळायला पुढचे शतक उजाडावे लागले.

भूमिहीनांसाठी कायद्याबाहेरही प्रयत्न झाले. विनोबांचे भूदान १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला सुरू झाले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यातली गायरानाची लढाई हा त्याच धाग्याचा पुढचा पीळ आहे. गायरानावरची दलित कुटुंबांची शेती नियमित करण्याचे शासननिर्णय निघाले, तरी अनेक घरे आजही नोंदीची वाट पाहत आहेत. २००६ चा वनहक्क कायदा हीही माझ्या दृष्टीने जमीन सुधारणाच आहे.

अभ्यासकांचे प्रवाह ढोबळपणे असे दिसतात. पहिला गाडगीळ-दांडेकरांचा, संस्था आणि पाहण्यांवर भर देणारा. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' या अभ्यासात स्पष्ट म्हटले की जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, गरिबाला कामाची हमी दिली पाहिजे. वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना आणि १९७२ चा दुष्काळ यांच्याशी हा विचार जोडून वाचला की महाराष्ट्राने कोणता रस्ता धरला ते कळते. दुसरा प्रवाह लहान शेताची उत्पादकता मोजणाऱ्यांचा. १९५० च्या दशकात नाशिक-नगर आणि अकोला-अमरावतीसह देशात काही ठिकाणी शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्या झाल्या. त्यांच्या आधारे अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये दाखवले की लहान शेतात एकरी उत्पादन जास्त दिसते. घरचे मनुष्यबळ शेतात ओतले जाते, म्हणून ते जास्त. त्यावर ए. एम. खुस्रो, सी. एच. हनुमंत राव, अशोक रुद्र यांनी बरेच वाद घातले. जिरायती महाराष्ट्रात मला हा नियम जपून वापरावासा वाटतो. इथे शेताच्या आकाराआधी विहीर आहे की नाही हे पाहावे लागते.

आंबेडकरी विचाराला या विषयाच्या मराठी चर्चेत मिळायला हवे ते स्थान मिळालेले नाही. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लिहिले होते की धारणा लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर भांडवल आणि श्रम किती आहेत त्यावरून ठरते. जास्तीचे हात उद्योगात गेल्याशिवाय शेती सुधारणार नाही. १९४७ मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक कसण्यासाठी द्यावी, असे मांडले. कुळाला मालक केल्याने अस्पृश्य शेतमजुराला काही मिळणार नाही, हे त्यांनी कृषक दिनाच्या दहा वर्षे आधी ओळखले होते. मार्क्सवादी प्रवाह वर्गाच्या बाजूने बोलत राहिला आणि डहाणूपासून धुळ्यापर्यंत जमिनीवर लढला. शरद जोशींनी मात्र १९८० च्या सुमारास पूर्ण वेगळे विधान केले: प्रश्न जमिनीच्या वाटपाचा नाही, भावाचा आहे. कमाल धारणा हे शेतीला भांडवल मिळू न देणारे बंधन आहे, असे त्यांच्या परंपरेतले कार्यकर्ते आजही म्हणतात. मी या मताशी सहमत नाही, पण तोट्याच्या शेतीत जमीन मिळूनही घर वर येत नाही, हा त्यातला भाग नाकारण्यासारखा नाही.

अलीकडच्या संख्याशास्त्रीय अभ्यासांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांना भारतातल्या राज्यांच्या तुलनेत दिसले की कुळहक्क आणि मध्यस्थांचे उच्चाटन यांनी गरिबी कमी झाली, कमाल धारणेच्या कायद्यांनी तसा परिणाम दिसला नाही. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून बर्गादारांची, म्हणजे बटाईने कसणाऱ्यांची, नावे शिबिरे भरवून नोंदवली गेली, आणि तिथल्या भाताच्या उत्पादकतेवर त्याचा चांगला परिणाम झाल्याचे अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. बंगालने मालकी दिली नाही, नोंद दिली. आपण मालकी दिली, पण नोंद नसल्याने ज्यांना ती मिळवता आली नाही त्यांच्याकडे पाहिले नाही.

हा विषय आज का काढायचा? १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर भरली. कायद्याने न वाटलेली जमीन वारसांनी वाटून घेतली. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकांतून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३ रुपये. शेतकरी म्हणवणाऱ्या घरात मजुरीचा पैसा पिकाहून जास्त येतो. अशा वेळी जमीन सुधारणेचा अर्थ नुसत्या एकरांत शोधणे पुरणार नाही.

दुसरे कारण अधिक तातडीचे आहे. कूळ लागेल या धास्तीने महाराष्ट्रात सहसा कोणी जमीन लेखी खंडाने देत नाही. निम्म्याने, बटाईने, ठोक्याने, मक्त्याने, जिल्ह्यागणिक शब्द बदलतो, व्यवहार तोंडीच राहतो. नोकरीसाठी शहरात गेलेला मालक दर दोन वर्षांनी कसणारा बदलतो. आता कसणारा नेहमीच गरीब असतो असेही नाही. ट्रॅक्टर आणि पाणी असलेला मोठा शेतकरी दोन-तीन एकरवाल्यांची जमीन करतो, ही उलटी कुळवहिवाटही वाढते आहे. पण जो भूमिहीन बटाईने करतो त्याला पीककर्ज नाही, गारपीट झाली तर भरपाई मालकाच्या खात्यात, आणि २०१९ पासूनचे किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपयेही ज्याच्या नावावर जमीन त्याला. शेती करणारी बाई तर बहुतेक घरांत सातबाऱ्यावर नसतेच; नवरा गेल्यावर ती वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालते, तेव्हा तिला कायद्याची ओळख होते. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या भीतीने आजचा कसणारा कागदावरून नाहीसा झाला आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाड्याने देण्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा मांडला. मालकाला मालकीची खात्री आणि कसणाऱ्याला कर्ज-विम्याची सोय, ही त्याची दिशा मला मान्य आहे. मात्र खंडाची मर्यादा पूर्णपणे बाजारावर सोडणे मला मान्य नाही.

या पुस्तकात आम्ही एकच काम करायचे ठरवले: कायद्याचा मागोवा घराच्या हिशेबापर्यंत न्यायचा. म्हणून यातले लेखक कलमांपासून सुरुवात करत असले तरी थांबतात ते धान्याच्या कणग्या, विहिरी, सोसायटीचे कर्ज, मुलींचे शिक्षण आणि मुंबई-पुण्याला गेलेले भाऊ यांच्यापाशी. अर्थशास्त्रज्ञ, महसूल खात्यात नोकरी केलेले, चळवळीतले आणि शेती करणारे असे निरनिराळे हात इथे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही. ते मतभेद मी संपादनात गुळगुळीत केलेले नाहीत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांचीही बाजू इथे आहे. १९४८ नंतर गाव सोडून शहरात आलेली ब्राह्मण कुटुंबे आणि दोन-चार एकरांची खंडावर जगणारी विधवा मालकीण, या दोघांना एकाच 'जमीनदार' शब्दात कोंबणे अन्यायाचे होते.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत ३२-ग चे आदेश, खरेदीचे प्रमाणपत्र, खंडाच्या पावत्या, कबजा सोडल्याचे राजीनामे किंवा खोताच्या हिशेबाच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. त्यांची एक प्रत जवळच्या महाविद्यालयातल्या अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या विभागाला द्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या कागदामागची हकिकत विचारून तारखेसह लिहून ठेवा. सरकारी आकडे एकर सांगतात. त्या एकरांवर घर कसे चालले हे सांगणारी कागदपत्रे तुमच्याकडेच आहेत.